शेरा

ग्रंथपालाचं पद रिकामं, म्हणून चार्ज माझ्याकडे आला.
मी चित्रकलेचा मास्तर.
किल्ली दिली, नोंदवही दिली, सही घेतली.
मुख्याध्यापक म्हणाले, एकही पुस्तक हरवता कामा नये.
म्हटलं, हरवेल कसं, सर?
कपाट उघडलंच नाही तर.

दोन लोखंडी कपाटं, अकराशे बेचाळीस पुस्तकं,
आणि खिडकीपलीकडे मिरचीची पथारी.
दोंडाईच्याचा डिसेंबर असा लालभडक वाळत पडलेला
की वारा फिरला, की अख्खी नववी ब शिंकते.

हेमराज सोनवणे पहिला आला.
वाचायला नाही. पीटीच्या तासातून पळून.
म्हटलं, बसायचं तर हातात काहीतरी धर,
कुणी तपासायला आलं तर?
त्यानं सगळ्यात जाड उचललं,
तोंड झाकावं म्हणून.
मी आपला त्याच्या कानाचं रेखाटन करत बसलो.
(तोंड दिसतच नव्हतं.)
वीस मिनिटं कान जागचा हलला नाही.
मग हळूहळू लाल झाला.
घंटा झाली, ती त्याला ऐकू आली नाही.
मला आली.
मी गप्प बसलो.

आठ दिवसांनी पुस्तक परत.
नोंदवहीत शेवटचा एक रकाना असतो, शेरा.
तिथे मी लिहायचं असतं : सुस्थितीत.
पण पेन त्याच्या हातात होता. त्यानं लिहिलं,
'घोडा मराले नको व्हता.'

कुठला घोडा रे?
तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसा मीच मारलाय.
मग सारंगखेड्याच्या यात्रेत बापानं विकलेल्या घोडीचं
नाव सांगितलं, कपाळावरची चांदणी सांगितली,
गिऱ्हाइकाच्या गाडीत चढताना तिनं मान कशी वळवली, तेही.
वर्गात हा पोरगा हजेरीलासुद्धा मानेनंच हो म्हणतो.

त्यानंतर रांग लागली असं नाही.
पण शेरे यायला लागले.
नाजनीन पिंजारी : 'पान ८४ रात्री वाचू नये. हसू येतं, अम्मी उठते.'
रोशनी भिल : 'ही मुलगी खोटं बोलते. मला आवडली.'
गोपीचंद महाजन : 'सात पानं वाचली. झोप छान लागली.'
तोही शेराच. मी खोडला नाही.
आणि एक, नाव नसलेला, पेन्सिलीनं :
'सरी गयं. आखो शे का?'

मुख्याध्यापक तापले.
नोंदवही हे शाळेचं दप्तर आहे, मुतारीची भिंत नाही.
बरोबर आहे त्यांचं.
मी बाजारातून चाळीस रुपयांची नवी वही आणली.
रेघा मारणं तेवढं मला येतं.
नावाला बोटभर जागा, तारखेला त्याहून कमी,
शेऱ्याला उरलेलं सगळं पान.

तर नववी ब, ऐका.
वाचलं की मार्क वाढतात, असं मी म्हणणार नाही.
हेमराजचे वाढले नाहीत.
फक्त परवा भांडताना तो मधेच थांबला,
मूठ तशीच वर,
आणि नेमका शब्द शोधायला लागला.
तेवढ्यात समोरचा पळाला.

आवडलं नाही तर पुस्तक मिटा.
दुसरं घ्या. तेही मिटा.
शेवट आधी बघा, कोण विचारतंय?
पानांत मिरचीची बी सापडेल, ती फुंकून टाका,
डोळे मात्र चोळू नका.

आणि एक सांगायचं राहिलं.
वहीत माझंही नाव आहे, चोवीस क्रमांकावर.
वय वर्षं एकावन्न, शाळा सोडल्यापासून पहिलंच पुस्तक.
तेच, जाड.
काल हेमराज दारात उभा राहिला,
'सर, चार दिन वर व्हयनात.'
दिवसाला रुपया. नियम माझाच.
चार रुपये काढून दिले.

दीडशे पानं झालीत.
घोडा अजून जिवंत आहे.
म्हणून जरा हळू वाचतोय.